पांढरीतल्या चुली

आमच्या घरात कोरा कागद नसायचाच. जो असायचा त्याच्या एका बाजूला काहीतरी छापलेलं असायचं. जागे व्हा. उत्तर द्या. चलो तहसील. पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले, आईनं किराण्याच्या याद्या केल्या. बाबा शेती करायचे आणि पत्रकं काढायचे. मजकूर घरी लिहायचा, रिसोडला छापून आणायचा आणि आठवडी बाजारात हातोहात वाटायचा. उरलेला गठ्ठा आमची वही व्हायचा. पहिलीत बाईंनी 'म' कशाचा असं विचारलं तेव्हा सगळी पोरं मगरीचा म्हणाली आणि मी मोर्चाचा म्हणाले. मगर मी पाहिलेली नव्हती, मोर्चा पाहिलेला होता.

घरात देवाधर्माचे नियम फारसे नव्हते. एकच नियम होता. छापलेला शब्द मागं घ्यायचा नाही, म्हणून छापायच्या आधी तीनदा वाचायचा.

माझं पहिलं पत्रक मी तीनदा वाचलं होतं. तरी चुकलं. ते कसं चुकलं आणि चुकलं तेच कसं उपयोगी पडलं, त्याची ही गोष्ट आहे.

आमचं गाव धड खेडं नाही, धड शहर नाही. सोयाबीन निघालं की अडत्यांच्या दुकानांपुढं ट्रॅक्टरांची रांग लागते. एरवी मंगरूळपीरच्या गाडीची वाट पाहणारी चार माणसं आणि चहाची दोन हॉटेलं, एवढीच सडकेवरची वर्दळ. अलीकडं नगरपंचायत झाली, पाट्या बदलल्या. गावाच्या उत्तरेला, नाल्याच्या वर, एक मोठं टेकाड आहे. त्याला पांढरी म्हणतात. आमच्याकडं शेताच्या जमिनीला काळी म्हणतात आणि वस्तीच्या जागेला पांढरी. माणसं पिढ्यानपिढ्या एका जागी राहिली की तिथली मातीच पांढुरकी होत जाते. चुलीची राख, पडलेल्या भिंती, धाब्याच्या छपरांवर दरसाल टाकलेले मातीचे थर, गुरांचं मूत, सगळं त्यात मुरतं. जुनी वस्ती कधीतरी सडकेकडं सरकली आणि पांढरी ओस राहिली. लहानपणी आम्ही तिच्यावरून घसरगुंडी खेळायचो. घरी आल्यावर आई म्हणायची, राखेत लोळून आली का. ती किती खरं बोलत होती हे तिलाही माहीत नव्हतं.

पांढरीची माती शेतात पसरली की पीक जोर धरतं, हे इथल्या प्रत्येक शेतकऱ्याला ठाऊक आहे. पण ती माती नेत होते मोजकेच लोक. ज्यांना जेसीबी लावायला परवडायचं ते उन्हाळ्यात येत, टेकाडाचा लचका तोडत आणि आपल्या वावरात नेऊन टाकत. बाकीचे बघत बसत. मी बघत बसणाऱ्यांपैकी नव्हते. कॉलेज संपवून घरी आले त्या वर्षी मी पत्रक काढलं. मथळा होता, 'पांढरी कोणाच्या बापाची नाही'. खाली मागणी होती. माती सगळ्यांची आहे, तर घरटी दोन ट्रॉल्या मिळाल्याच पाहिजेत.

ते वाक्य मला आजही आवडतं. लोकांनाही आवडलं. सभा झाली, घोषणा झाल्या, ठराव झाला. गल्लीवार यादी लागली. यादी करताना नाल्याकाठच्या शेवटच्या गल्लीचा प्रश्न आला. तिथली एकोणीस घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात आणि चैत्रात परततात. कोणीतरी म्हणालं, जे गावातच नाहीत त्यांना माती कशाला. मी टेबलावर हात आपटला. एकोणीसच्या एकोणीस नावं यादीत घालून घेतली. फक्त त्यांची पाळी सगळ्यांत शेवटी आली, बाकीच्या गल्ल्या संपल्यावर.

मग दोन उन्हाळे पांढरी खणली गेली. मी वही घेऊन उभी असायचे आणि ट्रॉली भरली की नावापुढं खूण करायचे. आमच्या तीन एकरांतही आमच्या वाट्याच्या दोन ट्रॉल्या पसरल्या. मी इतकी खूश होते की ती माती म्हणजे नेमकं काय आहे, असा प्रश्न मला एकदाही पडला नाही.

तो प्रश्न मावशीनं पाडला. मावशी म्हणजे पांढरीच्या पायथ्याशी भाजीचा मळा करणारी, साठीच्या पुढची माळीण. मेथी, पालक, सांबार, म्हणजे कोथिंबीर, असं लावते आणि रोज पहाटे टोपलं घेऊन सडकेवर बसते. गावात कोणाला अर्ज लिहायचा असला की तो आमच्या घरी येतो. तशी ती फाल्गुनात एका सकाळी आली आणि ओट्यावर बसली.

"माह्याकडून एक अर्ज लिही वं," ती म्हणाली. "धुरळ्यानं माह्या मेथीचं पीठ होऊन राह्यलं. गिऱ्हाईक म्हणते, मावशे, भाजी निवडू का चाळू."

मी कागद घेतला. "कोणाच्या विरोधात लिहू?"

"तुह्या. दुसऱ्या कोणाच्या? तूच तं सुरू केलं."

आई आतून हसली. मी कागद खाली ठेवला आणि मावशीबरोबर निघाले.

जेसीबीनं टेकाड उभं कापलं होतं. दोन पुरुष एकावर एक उभे केले तरी उरेल एवढा उंच कडा. मी तिथं रोज येत होते, पण माझं लक्ष ट्रॉल्यांकडं असायचं. कड्याकडं मी पहिल्यांदा पाहिलं ते मावशीच्या बोटामागून. मला फक्त पट्टे दिसले. राखाडी, पांढरा, तांबूस, पुन्हा राखाडी.

"हे लाल दिसते ना घोड्याच्या नालासारखं," मावशी म्हणाली, "हे चुलीचं अंग हाय. रोज जाळ लागून माती अशी भाजते. आता वर पाह्य."

नालाच्या वर, हातभर राख आणि पांढरी माती सोडून, दुसरा नाल होता. त्याच्या वर तिसरा. पाहताक्षणी एकाच रेषेत वाटावेत, कोणी ओळंबा लावून मांडावेत तसे. मावशीनं वरून खाली मोजले. सात भरले.

"सगळ्या एकावर एक कशा?"

"घर पडलं का माणसं काय करतात? भिंतीची माती अठीच, जाग्यावरच, सपाट करतात, थ्याच्यावरच नव्या भिंती उठवतात. जमीन हातभर वर येते. पण चूल त्याच कोपऱ्यात मांडतात."

"कायले? काही रीत असते?"

"रीत कायची. अंधारात उठून पेटवा लागते, हातले जागा माहीत पाह्यजे."

ती अगदी सहज बोलली आणि पालकाला पाणी द्यायला निघून गेली. मी तिथंच उभी राहिले. सात घरं. प्रत्येक घर एक-दोन पिढ्या तरी टिकलं असणार. त्या सगळ्या काळात, अंधारात, एका बाईचा हात एकाच कोपऱ्याकडं गेला. तिच्या सुनेचा हात तिथंच गेला. पुढं तिच्या सुनेचा. पांढरी हे टेकाड नव्हतंच. ते स्वयंपाक करून करून उंच झालेलं गाव होतं. मी आयुष्यभर ज्याच्यावरून घसरत होते तो सगळा ढीग कोणाकोणाच्या भाकरीमागं उरला होता.

शाळेत आम्ही 'माझे गाव' हा निबंध लिहायचो. त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. फार पूर्वी एका सरदाराने हे गाव वसविले. सरदार कोण, कुठला, कोणालाच माहीत नव्हतं, पण तो घोड्यावर बसलेला असायचा एवढं नक्की. मी मोठी झाल्यावर त्या सरदाराची खूप टिंगल केली. त्याच्या जागी कोण होतं ते मात्र मी शोधलं नाही. आमची पत्रकं अन्यायापासून सुरू होतात. त्याच्या आधी काय होतं, हे विचारायची सवयच आम्हाला नाही.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला पुन्हा ओढून नेलं. तिला टोपलंभर भाजी विकायची होती, मला पाहिजे होता कडा. वरून चौथ्या आणि पाचव्या चुलीच्या मधे तिनं बोट थांबवलं. तिथं दीड-दोन हातांचा पट्टा होता, नुसत्या मातीचा. राख नाही, कोळसा नाही, खापर नाही.

"अठी कोणी नोतं," ती म्हणाली. "गाव उठलं होतं."

"काहून?"

"रोग आला असंल. पाणी आटलं असंल. मले काय माहीत, मी तवा भाजी विकत नोती."

पण पट्ट्याच्या वर पुन्हा चूल होती. मी नीट पाहिलं तेव्हा दिसलं की ती खालच्या चुलीच्या बरोबर वर नव्हती. हातभर बाजूला होती. परत आलेले लोक तेच होते का त्यांची नातवंडं, कोणास ठाऊक. कोपरा कुठं होता हे कोणीतरी सांगितलं असेल, किंवा अंदाजानं धरला असेल. हातभर चुकले. मी त्या हातभर अंतराकडं किती वेळ बघत होते मला आठवत नाही. एवढं मोठं उजाडपण आणि चूक फक्त हातभर.

सगळ्यांत खाली, जिथं पांढरी संपून मूळची काळी माती सुरू होते, तिथं सातव्या चुलीच्याही खाली तीन दगड होते. मातीनं न लिंपलेले, आतल्या बाजूनं काळे पडलेले. मधे बोटभर राख.

"हे काय?" मी विचारलं.

मावशीनं वाकून पाहिलं. "हे मले नाई समजत. देव असतील," ती म्हणाली आणि सवयीनं हात जोडले.

त्या संध्याकाळी मी वही काढली आणि हिशेब माझ्या लक्षात आला. टेकाडाचा जेवढा भाग शिल्लक होता तेवढीच नावं शिल्लक होती. शेवटची गल्ली. एकोणीस घरं. पंधरा दिवसांत ती परतणार आणि हा कडा, या चुली, ते तीन दगड, सगळं ट्रॉल्यांत भरून जाणार. माझ्याच पत्रकानं. थांबवायचं म्हटलं तर ज्यांना सगळ्यांत बरड जमीन आहे, ज्यांच्या वाट्याला आजवर काहीच आलं नाही, त्यांनाच सांगावं लागणार होतं की तुमचा नंबर आला आणि माती संपली.

मी बाबांना कड्यापाशी नेलं. ते आयुष्यभर बोलत आलेले गृहस्थ. त्या दिवशी चुली मोजल्या आणि खाली बसले. मग खालची चिमूटभर राख बोटांत घेऊन चोळली.

"थांबवायचं असंल तं पत्रक काढा लागंल," ते म्हणाले.

"पहिलं मागं घ्या लागंल, बाबा."

त्यांनी बोटांवरची राख पुसली. मग उठून धोतर झटकलं. "लिही. मी छापून आणतो."

एवढंच. त्यांनी माझ्यासाठी घरातला एकमेव नियम मोडला होता आणि त्याबद्दल एक शब्द काढला नव्हता. मला त्यापेक्षा रागावले असते तर बरं वाटलं असतं.

मी लिहायला बसले. पहिला मसुदा इतिहासावर होता. छान होता, पण शेवटी यायला पाहिजे असलेलं वाक्य आलंच नाही. दुसऱ्यात मी लोकांना आवाहन केलं, आपल्या गावाचा ठेवा जपा. वाचून पाहिलं तर ज्यांनी माती आधीच नेली त्यांना ते फार गोड लागलं असतं. तिसऱ्यात मी स्वतःवर टीका केली. तीही सोपीच होती. प्रत्येक मसुदा एकाच ठिकाणी येऊन अडायचा. 'म्हणून शेवटच्या गल्लीतील बंधुभगिनींनी आपला वाटा...' पुढं क्रियापद सुचत नव्हतं. सोडावा? त्यागावा? ज्याचं दोन एकर आहे तो मला विचारणार, तुमच्या दोन ट्रॉल्या कुठं आहेत? आणि त्या तर आमच्या वावरात पसरून झाल्या होत्या.

पत्रक तसंच राहिलं आणि ऊसतोडीचा ट्रक आला. भांडी, गोधड्या, शेळ्या, टपावर गुंडाळलेल्या, कोपीवर, म्हणजे उसाच्या फडावरच्या झोपडीवर, टाकायच्या ताडपत्र्या, आणि या सगळ्याच्या वर बसलेली पोरं. दोनच दिवसांनी त्या गल्लीतले एक काका ट्रॅक्टरवाल्याला घेऊन पांढरीवर हजर. पन्नाशीचे, सडपातळ, बोलायला फटकळ. बाबांबरोबर अनेक मोर्चांत चाललेले. बाबा आणि मी तिथंच होतो.

"काय मॅडम, वहीत नाव हाय ना आमचं?" काकांनी विचारलं. "का आमचं नाव येईपर्यंत शाईच संपली?"

"नाव हाय काका. पयलं एक पाहून घ्या, मंग सांगा."

मी त्यांना कडा दाखवला. मावशीकडून शिकलेलं सगळं सांगितलं. चुली, राख, मधला रिकामा पट्टा. ट्रॅक्टरवाला इंजिन बंद करून ऐकत होता. उजाड पट्ट्यावरची हातभर सरकलेली चूल पाहून काका हसले. "एवढंच? आमी सहाच महिन्यानं येतो तं बायको चिमटा कुठं ठेवला थे विसरते."

मग त्यांना खालचे तीन दगड दिसले. ते हसायचे थांबले. उकिडवे बसले. एक दगड हात न लावता सगळ्या बाजूंनी पाहिला.

"हे तं आमचीच चूल हाय," ते म्हणाले.

"मावशी म्हणे देव असतील."

"देव कायचे. मी दरसाल मांडतो हे. फडावर ट्रक थांबला का बाया कोपी उभी करतात अन् मी तीन दगड पाहाले जातो. असे, एक बाजू सपाट असलेले. बायको दरसाल इचारते, मातीनं लिंपू का? मी म्हणतो, नको. अठी किती दिवस राहाचं हाय. लिंपली का मन बसते."

काका अजून दगडांकडंच पाहत होते. मग त्यांची नजर वर सरकली, दगडांच्या बरोबर वर, सातव्या चुलीवर. लाल भाजलेला जाड नाल. हातानं थापलेला.

"अन् हे पाह्य," ते हळूच म्हणाले. "अठी लिंपली तिनं."

मी पुष्कळ वाचलं आहे. तरी त्या तीन शब्दांइतकं मोठं काही मी ऐकलेलं नाही. आमचं गाव वसलं तो क्षण माझ्यासमोर होता, हाताच्या अंतरावर. तीन दगड आणि वरची चूल यांच्या मधे बोटभर राखेचा थर होता, त्या थरात. खाली कुठूनतरी कुठंतरी चाललेली माणसं होती. वर गाव होतं. कोणी सरदार नाही, घोडा नाही. एका बाईनं कोणाला विचारलं असेल, लिंपू का, आणि उत्तर आलं असेल, लिंप. किंवा तिनं विचारलंच नसेल.

मी काकांना सगळं सांगून टाकलं. मसुदे, अडलेलं क्रियापद, सगळं. म्हटलं, मी माझं पत्रक मागं घेते.

काका ताडकन उभे राहिले. "मागं कायले घेतं? थे मागं घेतलं तं आमचा वाटाच गेला. मंग ह्या मातीवर आमचा हक्क काय राह्यला? उद्या कोणीबी मशीन घेऊन येईन." त्यांनी बाबांकडं पाहिलं. "पोरीले हेच शिकवलं का तुमी?"

बाबा पहिल्यांदा हसले.

"मंग काय करू?" मी विचारलं.

"वहीत लिही. एकोणीस घराईचा वाटा हा अठीच हाय. मिळाला. पावला. आमी उचलत नाई. आमची माती, आमी नेऊ नाईतर ठेवू. कोणी हात लावला तं आमच्या घरात चोरी केल्यासारखं हाय, असं लिही." त्यांनी गल्लीकडं हात केला. "बाकीच्या अठराईले मी सांगतो. आयकतील. नाई आयकलं तं हे दगड दाखवीन. अन् एक गोष्ट फुकट नाई सांगत. आमच्या वावराले काय? तुमी सगळ्यांनी माती नेली. आता तुमच्या उकिरड्यातलं शेणखत आमच्या वावरात येऊ द्या. घरटी दोन ट्रॉल्या. पत्रकात आकडा हायेच."

"उद्या येते," बाबा म्हणाले.

बाबांच्या दोन ट्रॉल्या दुसऱ्या दिवशी गेल्या. माझं दुसरं पत्रक आठवड्याभरात छापून आलं. त्यात पहिल्यातला एकही शब्द मागं घेतलेला नव्हता. गावातल्या काहींनी शेणखत दिलं, काहींनी मला वेड्यात काढलं, जेसीबीवाले पुष्कळ दिवस बोलले नाहीत. एकोणिसांपैकी दोन घरं काकांवर नाराज होती. त्यातली एक बाई कड्यापाशी येऊन चुली पाहून गेली आणि तिनं नवऱ्याला काय सांगितलं माहीत नाही, पण ट्रॉली आली नाही.

त्या वर्षी आमच्या सोयाबीनमधे डवरणी, म्हणजे कोळपणी, करताना बाबांना पिकाच्या ओळींत बांगडीचे तुकडे आणि भाजलेल्या मातीचे खडे सापडू लागले. आमच्या दोन ट्रॉल्या. कोणाची तरी चूल आमच्या तीन एकरांत विखुरली होती. मी खडे वेचून परडीत ठेवायचे. ते परत एकत्र येणार नाहीत हे मला माहीत होतं, तरी वेचायचे.

पण ते नंतरचं. आधी मृगाची चिंता होती. उघडा कडा पहिल्याच झडीत वाहून गेला असता. मावशी म्हणाली, वरून झाका. कशानं झाकायचं याचा आम्ही विचार करत होतो तेवढ्यात शेवटच्या गल्लीतून बाया आल्या, डोक्यावर ताडपत्र्यांच्या गुंडाळ्या घेऊन. कोपीवरच्या. धुरानं काळवंडलेल्या, उसाच्या पाचटाचा वास असलेल्या. त्यांनी वरच्या काठावर दगड ठेवून त्या खाली सोडल्या, एकीला एक शिवून घेतल्या आणि तीन दगडांपाशी शेवटचं टोक खोचून टाकलं. खोचताना त्यातली एक दुसरीला म्हणाली, गळते कुठं थे पाहून ठेव, यंदा ठिगळ लावाचं हाय.

दिवाळीनंतर त्या ताडपत्र्या त्यांना लागणार होत्या. तोवर पाऊस संपलेला असणार होता.